आवाजाशिवाय बोललेलं

अम्मा,

तू सापडलीस. जुन्या फिल्मा गोळा करून जपणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनी काल दुपारी फोनवर तसं पक्कं सांगितलं. आधी त्यांनी विचारलं, "तुमच्या आईच्या डाव्या भुवईवर व्रण होता का?" होता. मागावरचा धोटा उडून लागला होता. चित्रपट कंपनीतले रंगवाले त्यावर पावडर थापून थकायचे. "मग त्याच आहेत," ते म्हणाले. तुकडा दोन-चार मिनिटांचाच आहे, मधल्या मजकुराच्या पाट्या गेल्या आहेत. "बाई थेट आपल्याकडे बघून काहीतरी बोलतात. काय, ते मात्र आम्हाला कळत नाही."

कसं कळणार? ते सोलापूरच्या गिरणीत राबलेले नाहीत. मागखात्यातल्या खडखडाटात शेजारणीचं बोलणंही ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही सगळ्या आवाजाशिवाय ओठांनी बोलायचात. घरी आजीला कळू नये असं काही असलं की तू चुलीपाशी माझ्याशी तसंच बोलायचीस. भाकरी थापता थापता तू ओठ हलवतेस, मी खुदकन हसते, आणि आजी विचारते, "काय गं, वेडी झालीस का?"

किल्ल्यापाशी चित्रण करायला आलेल्या कंपनीनं तुला गिरणीतून नेलं, आणि तू पडद्यावर राणी झालीस. त्या पहिल्या मूकपटाला मावशीनं मला मांडीवर घेऊन बसवलं होतं. राजा मरणाच्या दारात, तू त्याच्या उशाशी रडतेस, पाटीवर काहीतरी थोर वाक्य येतं. आणि गिरणीवाल्यांच्या सगळ्या रांगा पोट धरून हसतात. पडद्यापाशी बसून साथ करणारा पेटीवाला बिचारा सूर चुकला म्हणून बावचळला. मावशी डोळे पुसत म्हणाली, "अगं, ती त्याला म्हणतीय, लवकर मर की बाबा, पोटात कावळे ओरडायलेत!"

तू घरी आलीस तेव्हा मावशीनं तुला सोडलं नाही. "राणीसाहेब, जेवला का शेवटी?" तू आधी हसलीस, मग म्हणालीस, "आमाला सांगितलं व्हतं, ओठ हलवा, काय पण बोला. आपल्या लोकांना ऐकू येतंय, हे ध्यानातच न्हाई की आलं."

त्यानंतरची तू मला सगळ्यात आवडतेस. पुढच्या प्रत्येक चित्रपटात तू वाक्यं पाठ करून, नेमकी बोललीस. कंपनीतले हसायचे, ऐकतंय कोण म्हणायचे. "आमचं गाव ऐकतंय," एवढंच तुझं उत्तर. पुढं तुझ्या रडण्याला त्याच रांगांतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या, पाटी यायच्या आधीच. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात लिहिलं. वाचणाऱ्याला इतका मान देणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

शेवटच्या चित्रपटाला निघालीस तेव्हा स्टेशनावर माझी वेणी सारखी करत म्हणालीस, "ह्या खेपेला तुज्यासाठी एक वाक्य बोलणार हाय."

"काय?"

"पडद्यावर बघ की."

तो चित्रपट सोलापूरला आलाच नाही. बोलपट आले, कंपनी बुडाली. बोलपटाच्या चाचणीत तू सुंदर ओठ हलवलेस आणि आवाज काढायचंच विसरलीस. यंत्र बिघडलं समजून माणसं तारा तपासत बसली. ते सांगताना तूच सगळ्यात जास्त हसायचीस. मग पुन्हा गिरणीत गेलीस, कुरकुर न करता. त्या वाक्याबद्दल मी विचारलं की म्हणायचीस, "सांगितलं तर मजा कुटं राहिली? पिच्चर येऊ दे." पिक्चरच्या आधी तू गेलीस.

येत्या रविवारी ते गृहस्थ त्याच चित्रपटाचा तो तुकडा घेऊन जुळे सोलापुरात माझ्या घरी येणार आहेत. समोरच्या भिंतीवरची चित्रं मी आजच उतरवली. मावशी नाही, त्या रांगांतलंही कुणी उरलेलं नाही. तुझं वाक्य वाचायला आता मी एकटी, आणि डोळ्यांना चष्मा. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते: कालपासून मी टीव्हीचा आवाज बंद करून बसते. बातम्या देणाऱ्या मुलीचं अजून निम्मंच कळतं. रविवारपर्यंत येईल.