गच्चीवरची दोरी

लातूर, बुधवार

आई,

देगलूरच्या घरी सगळ्यांना माझा नमस्कार. हे पत्र आधी तू एकटी वाच. खोली तळमजल्यावर हाय, भूकंपाची भीती धरू नको. क्लास चांगला चाललाय.

तू शिवलेल्या पांढऱ्या ड्रेसवर काळे ठिपके पडले. सोडा लावला, लिंबू चोळलं, तरी गेले न्हाईत. माझ्या खोलीतली नाझनीन म्हणाली, "ही बुरशी हाय. अंधारात ओलं वाळवलं की असंच होणार."

मालकीणबाई पोरींचे कपडे गच्चीवर घालू देत नव्हत्या. रस्त्यावरून दिसतात म्हणे. आमचे महिन्याचे कपडेसुद्धा जिन्याखालीच कुबट व्हायचे. नाझनीनला त्यानं खाज सुटली, दवाखाना झाला. आता ती बरी हाय.

रविवारी आम्ही दोघींनी गच्चीवर दोरी बांधून सगळं उन्हात घातलं. बाई धावत वर आल्या.

"लाज न्हाई का गं?"

"डागाळलेलं घालून क्लासात बसायची लाज वाटते, काकू," मी म्हणाले. "उन्हाची कशाला वाटंल?"

त्यांनी कपडे ओढून खाली टाकले. आम्ही ते झटकून परत घातले. तेवढ्यात बाकीच्या खोल्यांतल्या पोरीही बादल्या घेऊन वर आल्या. बाई तरातरा खाली गेल्या.

आता त्या देगलूरहून अण्णांना बोलावून घेणार हायत, पोरीच्या बापालाच सांगते म्हणाल्या. खोली सोड म्हणाल्या तर दुसरी बघीन, पण माफी मागणार न्हाई. अण्णा लई चिडतील का गं? तुझी कंबर कशी हाय? धुणं एकटीनं काढू नको.

अण्णा आलेच, तर त्यांच्यासोबत कपड्यांचे चिमटे पाठव. वर वारं लई असतं.

तुझी,
अयोध्या