गटारावरचा स्लॅब

धुळे. मंगळवार, मे १९९१

पावसाळ्याआधी उघड्या गटारांची पाहणी करायची म्हणून आज नगरपालिकेतल्या साहेबांबरोबर देवपुरात गेलो. गटार जागोजागी फुटलेलं, गाळाने भरलेलं. पण खरं तुंबतं ते कोपऱ्यावरच्या बंगल्यापाशी. गाडी आत घ्यायला मालकाने गटारावर स्लॅब टाकलाय, इतका खाली की त्याखालून फावडंही जात नाही. मी म्हणालो, "साहेब, हा स्लॅब फोडल्याशिवाय पाणी पुढे सरकणार नाही."

"बंगला कोणाचा आहे, माहीत आहे ना? समोरच्या घराला सांगा, उंबरा उंच करून घ्या म्हणावं."

स्लॅबचा विषय तिथेच संपला.

समोर अक्का राहतात. दरवर्षी पाणी शिरतं ते त्यांच्याच घरात. साहेब जीपमध्ये बसून राहिले, सांगायला मी गेलो. का गेलो?

अक्कांनी ऐकून घेतलं. आत खाटेवर त्यांचे सासरे, आबा, अंग लुळं पडलेलं. म्हणाल्या, "उंबरा करसू उंच, भाऊ. पन पानी घरमा उनं ते आबासले उचलीसन बाहेर कसं काढसू?"

दारातून तो स्लॅब समोरच दिसत होता. मग त्यांनी विचारलं, "चहा लेशात ना?"

आणि मी हो म्हणालो.