गाऱ्हाण्यातलं तिसरं नाव

मुक्काम आचरा, खालची वाडी
आश्विन वद्य तृतीया, सन १९५८

श्री. भाई यांस,

तुमच्या बहिणीचे यजमान आणि खालच्या वाडीच्या शाळेचे मुख्य गुरुजी दाजी यांचा वाकून नमस्कार. (वाकता येतं. पुन्हा सरळ होताना मात्र सध्या भिंत धरावी लागते. कारण पुढे येईल.) तुमची नवी कवळी नीट बसली, की अजून सदऱ्याच्या खिशातच असते? वहिनींच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक चालू असेलच. रत्नागिरीला स्कूल बोर्डाच्या कचेरीत हल्ली तुमच्या टेबलावरून गेल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, असं येणारा-जाणारा सांगतो, तेव्हा आपलाच मेहुणा म्हणून ऊर भरून येतो. आमच्याकडे सर्व ठीक. भात घरात आलंय, म्हैस आटली आहे, तुमची बहीण सुभद्रा खुशाल आहे (नको तितकी). सोबत सोलं पाठवली आहेत, ती वहिनींच्याच हाती द्यावीत, कारण तुम्ही ती कचेरीत वाटून मोकळे होता. पत्रास खास कारण काही नाही. सुट्टी आहे म्हणून बसल्या बसल्या लिहितो.

जूनपासून आमच्या शाळेला सत्यवतीबाई म्हणून दुसऱ्या शिक्षिका आल्या, हे मी तुम्हाला सांगायला नको. हुकमावर अक्षर तुमचंच होतं. (सुरेख अक्षर. काढण्याआधी घरच्या माणसाला विचारलं असतंत तर आणखी सुरेख दिसलं असतं.) बाई वेंगुर्ल्याच्या, ट्रेनिंग झालेल्या, गावकरांच्या पडवीत बिऱ्हाड. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. मत्सर करण्याचं माझं वयही नाही. ही शाळा मी चौदा वर्षं एकट्याने ओढली आहे, पावसात कौलं गळायला लागली की सगळी पोरं घेऊन रवळनाथाच्या देवळात बसलो आहे. पण नव्याने आलेल्या माणसाने जरा बेताने वागावं की नाही? बिगरी, पहिली आणि दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि मधे भिंत म्हणाल तर नारळाच्या झापांची तट्टी. पलीकडे हसलेलं सगळं इकडे ऐकू येतं, आणि पलीकडे दिवसभर हसतात. भाई, शाळेत हसतात. बेरीज शिंपल्यांवर, वजाबाकी शिंपल्यांवर, वजनं शिकवायची तर एक मासळीवाली तागडी आणि सुकट घेऊन वर्गात येऊन बसते. माझी चौथीची पोरं तिकडे मान वळवून पाढे म्हणतात. म्हणजे तोंड बाईंकडे आणि सतराचा पाढा माझ्याकडे.

शनिवारची तर गोष्टच काढू नका. शनिवारी पोरांच्या आया आणि आज्या शाळेत येतात. ट्रेनिंगात ह्याला जीवनशिक्षण म्हणतात म्हणे. बिगरीतल्या जानकीची आजी हौसाबाई झाप विणायला बसते आणि पोरं पाती मोजतात. माझ्या चौदा वर्षांत हौसाबाई शाळेत एकदाच आली होती, आणि तीही माझ्याशी भांडायला. आता दर शनिवारी डोक्यात अबोलीचा वळेसर माळून येते. इथवरही मी गप्प होतो. पण एका शनिवारी तट्टीपलीकडून ओळखीचा आवाज आला. बघतो तर तुमची बहीण! घरचा तवा, घरचं पीठ, घरचा नारळ घेऊन गेलेली, आणि घावन चार ठिकाणी कापून पोरांना पाव आणि अर्धा शिकवतेय. अपूर्णांक मी चौदा वर्षं शिकवतो. छडी मोडली, पण पोरांच्या डोक्यात पाव कधी शिरला नाही. हिने एका सकाळीत पाऊण शिकवला. घरी आल्यावर माझ्या पानात काय पडलं ते विचाराल, तर पाव.

तेही गिळलं. मग श्रावण सरला. दरवर्षी हंगामाचा पहिला बांगडा मास्तरांच्या घरी येतो, हा वाडीचा रिवाज. यंदा तो गावकरांच्या पडवीत गेला. बाईंनी तो तसाच आमच्याकडे पाठवून दिला, वर निरोप की गुरुजींचा मान आधी. आता ह्याला काय म्हणावं? माणूस उद्धट असला तर त्याच्याशी भांडता येतं. ही बाई भांडायलाही जागा ठेवत नाही. तो बांगडा मला गोड लागला नाही (दोन तुकड्या खाल्ल्या).

तुम्ही शहरात राहून विसरला असाल म्हणून लिहितो. आमच्या शाळेत दसऱ्याला पोरं पाटीवर सरस्वती काढून पूजा करतात, आणि गावातर्फे बाबली गावकर देवाला गाऱ्हाणं घालतो. पोरांना बुद्धी माग, पिकाला पाणी माग, मुंबईला बोटीवर आणि गिरणीत असलेल्यांची रखवाली माग, असं सगळं झालं की शेवटी शाळेसाठी झिजणाऱ्या माणसांची नावं. दरवर्षी त्यात एकच नाव असतं. आमच्या दाजी मास्तरांका सुखी ठेव म्हाराजा, असं बाबली म्हणतो, आणि सगळा गाव हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. भाई, तुम्हाला कचेरीत साहेब शाबासकी देत असेल. मला वर्षाकाठी मिळते ती एवढीच. त्या एका वाक्यावर माझं वर्ष निघतं. यंदा ते वाक्य आपल्याला मिळणार की जाणार, ह्या काळजीने मला भाद्रपदापासून झोप नाही.

तेव्हा मी ठरवलं की पोरांना हसवूनच दाखवायचं. बाईंचं एक बेडकाचं गाणं आहे. गाणं म्हणत वर्गभर बेडकासारख्या उड्या मारायच्या, मधेमधे ‘डरांव’ करायचं. तट्टीमागून ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं. नवरात्रातल्या एका सकाळी मी दार लोटलं, टोपी टेबलावर ठेवली, धोतराचा काष्टा घट्ट केला आणि चौथीच्या पोरांपुढे उकिडवा बसून पहिली उडी मारली. पोरं हसली नाहीत. मला वाटलं, आवाज कमी पडला. म्हणून दुसरी उडी मोठी मारली आणि डोळे वटारून ‘डरांव’ केलं. पोरं भिंतीला चिकटली. तिसऱ्या उडीला माझ्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी तिथेच बसलो, उठता येईना, तोंडातून येत होतं ते गाणं नव्हतं, कण्हणं होतं. नेमकी तेव्हा पलीकडून खडू मागायला आलेली जानकी दारात उभी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जी धूम ठोकली ती थेट आजीकडे.

नवरात्र, देवळाला लागून शाळा, आणि मास्तर जमिनीवर घुमतोय. हौसाबाईने दुसरं काय समजावं? ‘मास्तरांच्या अंगात वारा इला’ अशी हाक तिने बांधावरून घातली आणि कापणीला लागलेली माणसं कोयते टाकून धावली. देवळातला ढोल आला. नारळ आला, तांदूळ आले, हळद-कुंकू आलं, माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. उठायला गेलो की कंबर उठू देईना, आणि मी कळवळलो की ढोलवाल्याला आणखी जोर चढे. बाबली गावकर पुढे आला, पंचा गळ्याभोवती घेऊन हात जोडले आणि विचारलं, ‘म्हाराजा, तू खंयचो कोण ता सांग.’ मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, अहो, मी बेडूक झालो होतो. मग बाबली मागे वळून हलकेच म्हणाला की देव पावसाचा काहीतरी सांगतोय, भात लवकर घरात घ्या. (घेतलं. दुसऱ्या दिवशी सरही आली. म्हणजे आता कोणाला समजावणार?)

आता भाई, तुमच्यापासून काय लपवू. चार महिन्यांत पहिल्यांदा सगळा गाव माझ्याकडे बघत होता. तट्टीच्या कडेला बाईसुद्धा हात जोडून उभ्या. मनात आलं, दाजी मास्तर म्हणून बोललो तर माझं कोण ऐकतो? पण देव म्हणून बोललो तर ही बाई उद्याच्या गाडीने वेंगुर्ल्याला. एकच वाक्य पुरे होतं. मी हात उचलला, बाईंकडे बोट केलं आणि बोलण्यासाठी छाती भरून श्वास घेतला. त्याच वेळी हौसाबाईने भक्तीने धुपाटणं माझ्या नाकाखाली धरलं.

मला जो ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, मान खाली-वर, बोट मात्र बाईंकडे तसंच. बाबलीने माझ्या बोटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हेंचो मान ऱ्हवलो काय म्हाराजा?’ मी खोकत होतो. मान हलली. ‘चूक आमची झाली काय?’ मान हलली. ‘हेंका पयलो मान देव काय?’ भाई, मान अशी हलली की टोपी असती तर उडून गेली असती. झालं. देवाने स्वतः कबूल केलं. तिथल्या तिथे बाईंची खणा-नारळाने ओटी भरली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, बायकांच्याही आलं. माझ्या तर केव्हापासून येत होतं.

दसऱ्याचं काय झालं हे तुम्ही ओळखलं असेल. मी कमरेला पंचा बांधून, तुमच्या बहिणीचा खांदा धरून पहिल्या रांगेत उभा. पोरं, पीकपाणी, मुंबईकर सगळं झालं आणि बाबलीने पहिलं नाव घेतलं ते सत्यवतीबाईंचं. गाव म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’ माझे कान असे तापले की दुसरं नाव कोणाचं घेतलं ते मला ऐकूच आलं नाही. बाबलीच्या बैलाचं असलं तरी सांगता येणार नाही. पुन्हा ‘व्हय म्हाराजा.’ आणि मग तिसरा मी. दुसराही नाही, भाई, तिसरा. पहिल्या दोन नावांना मी तोंड उघडलं नाही, एवढा स्वाभिमान माझ्यात अजून शिल्लक आहे.

वर आता दर सोमवारी वाडीतली माणसं मला प्रश्न विचारायला येतात. एकीने हरवलेली शेळी विचारली. मी म्हटलं, मला काय ठाऊक. संध्याकाळी शेळी आपल्या पायांनी घरी आली आणि तेही माझ्याच नावावर गेलं. चौदा वर्षं शिकवलेलं कुणाला आठवत नाही, आणि शेळी मात्र पाच वाड्यांत सांगतात. असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कवळी रात्री पाण्यात ठेवत जा.

तुमचा,
दाजी

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. सत्यवतीबाईंची आई वेंगुर्ल्याला एकटी असते. तरुण मुलीने आईपासून इतकं लांब राहावं हे मला बघवत नाही. दिवाळीनंतर बदल्यांचे कागद तुमच्याकडे येतील तेव्हा त्यांना वेंगुर्ल्याच्या जवळपास एखादी चांगली शाळा द्यावी. इन्सुलीही चालेल, गोव्याच्या नाक्याला चिकटून असली तरी. केवळ त्यांच्या भल्यासाठी लिहितो.

ता. क. २. ह्यातलं अक्षरही सुभद्रेच्या कानावर जाऊ देऊ नये. मी आंघोळ करून येतो आणि मग पाकीट चिकटवतो.

ता. क. ३. भाई, सुभद्रेचो नमस्कार. हे न्हावक गेलेत तवसर लिवतंय. पत्र सगळा वाचलंय. बाईंची बदली करू नको. केलंस तर माझ्या माहेराक मी परत पाय ठेवचंय नाय. ह्यांच्या कमरेक दोन येळा तेल लावतंय, बरी जायत. आणि दुसरा नाव कोणाचा होता ता ह्यांका आयकाक येवक नाय, तर तुका सांगतंय. बाबली म्हणालो, ‘आमची सुभद्रावैनी चौदा वर्सा ह्या पोरांका करून घालता, तिका सुखी ठेव म्हाराजा.’ बाईनीच तेका सांगल्यानी. इतक्या वर्सात माझा नाव देवाक पयल्यांदा कळला. सगळो गाव व्हय म्हाराजा बोललो. हे माझ्या खांद्याक धरून हुभे होते, तोंड मिटून.