जाताना 'येतो' म्हणणारे

॥ श्री ॥

ट्रेनिंग सेंटर,
३ डिसेंबर २०२३

ती. अनसूया आत्यास,
यज्ञेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. फोन आल्या आल्या जमा करून घेतले. रविवारी थोडा वेळ मिळतात, पण मागे एवढी रांग असते की 'बरा आहे, जेवलो' याच्यापुढे गाडी जात नाही. म्हणून कागद-पेन काढलंय. आई-बाबांना रतलामला वेगळं लिहीनच, पण कॉलेजची सगळी वर्षं तुझ्याकडे उज्जैनला काढली, तेव्हा पहिलं पत्र तुला. फक्त बाईंच्या सवयीनं लाल शाईच्या खुणा करून ते परत पाठवू नकोस.

माझं नाव इथे कोणाच्या तोंडात बसत नाही. हवालदारसाहेबांनी त्याचं 'यगे' करून टाकलंय. ज्यांचं नाव मला ठेवलं त्या पणजोबांना कळलं तर काय वाटेल कोण जाणे.

भरतीची तयारी करून घेणारे माणिकसिंग उस्ताद तुला कधी आवडले नाहीत, पण नानाखेड्याच्या मैदानावर त्यांनी जे जे सांगितलं ते सगळं अगदी तस्संच होतंय. आधी बूट चावतील म्हणाले होते, चावले. मग भूक लागेल पण चव लागणार नाही म्हणाले होते. परवापासून मला वरण आणि चहा सारखाच लागतो. बाकीची मुलं हबकली आहेत, काही तोंड लपवून रडतात. मला काही वाटत नाही. निघायच्या आधी उस्तादांनी आम्हाला बजावलं होतं की रडणं, दुखणं, घाबरणं सगळं घरी ठेवून जा, ते सामान तिथे लागत नाही. मी ठेवून आलोय.

गुडघ्याला तेल लावत जा. बाकी ठीक. तुझा लोभ कुरिअरनं पाठवता येत नाही, म्हणून पत्रात भरपूर घाल.

तुझा,
यज्ञू

॥ श्री महाकालेश्वर प्रसन्न ॥

नानाखेडा, उज्जैन,
८ जानेवारी २०२४

चि. यज्ञेश्वर यास अनसूया आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. ऱ्हस्वदीर्घ बरंच सुधारलंय, म्हणजे फौजेनं एक चांगलं काम केलं. तुझ्या उस्तादांचं कौतुकही वाचलं. ते म्हणाले चव जाईल आणि तुझी चव गेली. उद्या ते कपाळाला शिंग फुटेल म्हणाले असते, तर तू कपाळ चाचपत बसला असतास. भरती कार्यालयात जन्म काढलेला माणूस, मुलांना काय सांगितलं की काय होतं हे त्याला पाठ आहे. त्याला भविष्य कळतं असं समजू नकोस.

इथे थंडी छान पडली आहे. सिंहस्थाच्या नावानं रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे देवास गेटला जायचं म्हणजे अर्धा जीव रिक्षातच जातो. दिलीप आणि रजनी संक्रांतीला येणार आहेत, तुझ्या वाटणीचे तिळगूळ तुझे बाबाच खातील.

आता एक गोष्ट. लिहू की नको असं करत इतके दिवस घालवले. दुपारी मी गच्चीत कपडे वाळत घालायला जाते, तेव्हा तुझ्या खोलीतून रडण्याचा आवाज येतो. लख्ख ऊन असतं, खाली भाजीवाला ओरडत असतो, आणि दाराआड कोणी तरी रडतं. लहानपणी सुट्टीत यायचास तेव्हा रडू कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तू मूठ तोंडात घालायचास. तसंच दाबलेलं आहे. मी दार उघडलं. पलंगावर भैरवगढची छापाची चादर तू घातलीस तशीच ताणलेली, खोलीत कोणी नाही. मला वाटलं दार उघडल्यावर थांबेल, पण थांबलं नाही. खिडकीखालच्या भिंतीपाशी, जमिनीलगत चालूच होतं. मी दार लोटून खाली आले.

दिलीपला फोनवर सांगितलं तर मांजर असेल म्हणाला. मांजर मूठ तोंडात घालत नाही. तू बरा आहेस ना, एवढंच सरळ लिही.

लोभ भरपूर घातला आहे, मोजून घे.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

ट्रेनिंग सेंटर,
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
यज्ञेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. इतका बरा की इथे माझं उदाहरण देतात. मागच्या आठवड्यात लांबची दौड झाली. संपल्यावर मागच्या मुलानं सांगितलं की माझा डावा पाय वेडावाकडा पडतोय. डॉक्टरांनी फोटो काढला, पायाचं हाड तडकलंय. यावर तू धावलास कसा, असं ते विचारत राहिले. मला दुखलंच नव्हतं, काय सांगणार? अजूनही दुखत नाही. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, पण दुखत नसलेल्या माणसाला कोण आराम देणार? मीही मागितला नाही.

आणखी एक. शेजारच्या खाटेवरच्या सुमीतचे वडील वारले. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता आणि मी खिडकीबाहेरचा नळ बघत होतो. वाईट वाटायला हवं, हे मला कळत होतं. पण वाटलं नाही. उस्ताद म्हणाले होते की पुढे घरची पत्रं दुसऱ्याच कोणाच्या घरची वाटतील, तसं झालं की समजा तयार झालात. आत्या, रागावू नकोस, तुझं पत्र मला तसं वाटलं. एका शिक्षिकेच्या घरी वरच्या खोलीत कोणी तरी रडतं, अशी गोष्ट वाचावी तसं वाचलं.

ती खोली बंद ठेव आणि कपडे खाली अंगणात वाळत घाल. लोभ मिळाला. तो मिळाल्यावर आधी काय व्हायचं, ते आठवून बघतोय.

तुझा,
यज्ञेश्वर

॥ श्री महाकालेश्वर प्रसन्न ॥

नानाखेडा, उज्जैन,
१४ मार्च २०२४

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी चपला घातल्या आणि थेट मैदानावर गेले. तुझे उस्ताद मुलांना पळवत होते. मी पदर खोचून उभी राहिले, म्हटलं आज या माणसाची खरडपट्टी काढायची. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं की आवाज दिवसा येतो की रात्री. मी खोचलेला पदर सोडला.

मग त्यांनी मला निंबाच्या पारावर बसवून पाणी दिलं. म्हणाले, सामान घरी ठेवून जा असं ते सगळ्यांनाच सांगतात. असं सांगितलं की पोरं पहिले महिने तगतात, नाही तर पळून येतात. पण दारातून निघताना मागे न बघता 'जा रहा हूँ' म्हणायचं, असंही ते शिकवतात. तसं म्हटलं की ठेवलेलं सामान हळूहळू मागून येतं आणि माणूस पुन्हा पुरता होतो. मराठी घरांतच घोटाळा होतो, म्हणाले. आप लोग जाते हुए भी 'आता हूँ' बोलते हो, त्यामुळे अर्धा माणूस घरातच राहतो. तू दारात काय म्हणालास ते मला आठवतंय. दुसरं म्हणणार तरी काय होतास? आपल्यात 'जातो' म्हटलेलं कोणी ऐकून घेतलंय का?

मी विचारलं, राहिलं तर राहिलं, बिघडलं काय? ते म्हणाले, सेंटरमध्ये काही बिघडत नाही, उलट शाबासकी मिळते. खरं काम पुढे, पहाडावर. ज्याला थंडी वाजत नाही त्याची बोटं गळतात, ज्याला भीती वाटत नाही तो नको तिथे पाऊल टाकतो. आता ते तुझ्याकडे पाठवायचं असेल, तर एकच उपाय त्यांनी सांगितला. तू समोर असताना घरातल्या माणसानं तोंडानं 'जा' म्हणायचं.

त्यांचं स्वतःचंही असंच मागे राहिलेलं आहे, यज्ञू. गावच्या घरात होतं. आई होती तोवर ती त्या कोपऱ्यात झाडू हळू मारायची. नंतर भावांनी घर विकलं. आता ते कुठे असेल, याचा त्यांना पत्ता नाही. हे सगळं त्यांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही, याचाच राग येतो.

मी खोली बंद केलेली नाही. दुपारी निवडायचं धान्य घेऊन तिथे बसते. काही बोलत नाही, नुसती बसते. मग ते जरा हळू होतं. मला त्याची सवय लागली आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. पाय जप, दुखत नसला तरी जप.

लोभ इथेही आहे, वर आणि खाली दोन्हीकडे.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

ट्रेनिंग सेंटर,
२ जून २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शपथ झाली. बाबा-आई आले होते, आई खूप रडली. पंधरा जूनच्या सुमारास सुट्टीवर येतो. आधी रतलाम, मग तुझ्याकडे. त्यानंतर युनिट. तिथून आमची तुकडी पहाडावर चढणार, जागेचं नाव लिहायची परवानगी नाही. तिथे बर्फ उन्हाळ्यातही असतं म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही, आणि तू लिहिलंस म्हणून आता एवढं कळतं की वाटायला हवं. उस्ताद म्हणाले ते करायचं की नाही, ते तू ठरव. मला दोन्ही सारखंच आहे.

लोभ असू दे, मला नाही तर तुला उपयोगी पडेल.

यज्ञेश्वर

॥ श्री महाकालेश्वर प्रसन्न ॥

नानाखेडा, उज्जैन,
१३ जुलै २०२४

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यावर लगेच लिहायला बसले होते, जमलं नाही. काही गोष्टी तुझ्या समोर बोलले नाही, त्या आता लिहिते.

आलास त्या दिवशी खाली जेवणघरात पोहे खात होतास. वर सुरू झालं. तू मान वर करून ऐकलंस आणि वर कोण भाडेकरू ठेवलाय म्हणून विचारलंस. त्याला काही त्रास आहे का, तेही विचारलंस, अगदी सभ्यपणे, परक्या घरी विचारावं तसं. माझ्या हातातून झारा पडला तो त्यामुळे. चटका बसला म्हणाले, ते खोटं होतं. त्याच घटकेला मी ठरवलं.

पण ठरवणं वेगळं. तू चार दिवस राहिलास, आणि मी रोज वर जाऊन त्या भिंतीपाशी बसत होते. तुझ्यातलं माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. खाली जो जेवत होता तो नम्र होता, ताट धुऊन ठेवत होता, आणि मला त्याची भीती वाटत होती. ते वरचंही पाठवलं तर मला काय राहणार, असं मनात आलं. आलं ते लिहिते.

निघताना तू उंबऱ्याबाहेर उभा राहिलास आणि काहीच म्हणाला नाहीस. मी 'जा' म्हटलं. जन्मात पहिल्यांदा म्हटलं. आपण दारावरच्या फकिरालाही 'पुढच्या वेळी ये' म्हणतो. मग मी तोंड फिरवलं, रिक्षा वळलेली मी पाहिली नाही. वर गेले तर खोली नुसती खोली होती. तिथे उभं राहून मी स्वतःचं नाव घेऊन पाहिलं, भिंतींवरून परत आलं.

काल शेजारच्या शैलेंद्रकाकांच्या इशिताचं लग्न झालं. माझ्या हाताखाली शिकलेली पोर, बिदाईला माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती. सगळा मोहल्ला रडला. मी कोरडी. शैलेंद्रच्या बायकोनं नंतर मला बाजूला घेऊन तब्येत विचारली. तू गेलास त्या दिवसापासून भाजीला चव नाही, आणि गुडघा दुखायचा थांबला आहे. वय झालं, दुसरं काय.

तुझ्याकडे ते पोचलं का, एवढं कळव. लोभ पाठवला आहेच, पोच दे.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

मिलिटरी हॉस्पिटल,
४ ऑगस्ट २०२४

ती. अनसूया आत्यास,
तुझ्या यज्ञूचा शि. सा. न. वि. वि.

पोचलं. नागदा यायच्या आधीच गाडीत पोचलं. मला एकदम सुमीतचे वडील आठवले, मग आई, मग तुझा झारा. मी मूठ तोंडात घातली, पण आवरेना. समोरच्या बाईंनी मला पाणी दिलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं. मागोमाग पाय दुखायला लागला तो असा की युनिटमध्ये पोचल्यावर मला उतरवून घ्यावं लागलं. हाड जुळलेलंच नव्हतं. आता पायाला प्लास्टर आहे आणि मी या हॉस्पिटलात आहे. तुकडी माझ्याशिवाय वर गेली. वर जायची मला भीती वाटते, आत्या, आणि चहा गोड लागतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय झालं, असं तू लिहिलंयस. ते वय नाही.

शेजारच्या खाटेवर सागर गावचा विष्णू आहे, हात मोडलाय. साधा मुलगा आहे, मराठीचा गंध नाही. मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं की तुला भेटायला कोण येतं. म्हणाला, दुपारी तू झोपलास की तुझ्या खाटेच्या पायथ्याशी एक म्हातारी बाई रडते. दिसत नाही, ऐकू येते. रडता रडता धान्य निवडल्यासारखा काही तरी आवाज करते आणि मधून मधून एकच शब्द म्हणते. तो त्यानं मला जसाच्या तसा म्हणून दाखवला. 'येते.' आत्या, तू मला 'जा' म्हणालीस आणि तोंड फिरवून तू काय पुटपुटलीस, ते तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं.

विष्णूनं अर्थ विचारला. मी सांगितलं की आमच्यात निघताना असं म्हणतात. त्यावर त्यानं विचारलं, मग ती निघत का नाही.

काल दुपारी मी जागा राहून ऐकलं. तूच आहेस. उस्तादांच्या हिशेबानं आता मी 'जा' म्हणायला हवं, आणि तेही तू समोर असताना. पण पाय बरा व्हायला वेळ आहे, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या तोंडून निघेल असं मला वाटत नाही. तरी मला घरी यावंच लागेल. तोवर ओट्यावर विस्तवापाशी सांभाळून राहा, चटका बसला तर तुला कळायचा नाही. गुडघ्याला तेल लाव, दुखत नसला तरी लाव. आई-बाबांना मी तुझ्याकडे येऊन राहायला कळवलं आहे.

शेवटी नेहमीसारखं 'लोभ असावा' लिहिणार होतो. पण तो इथे पायथ्याशी बसला आहे.

तुझा,
यज्ञू