हॅव, रतन आणि खिल्लार जोडी

ता. ३ मार्च १९३६, मंगळवार

फजिती! कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यावर भाजी पोचवायला गेले, तर खानसामा आजारी. मडम स्वतःच व्हरांड्यात आली. ती काहीतरी बोलली, मी हसले. ती परत बोलली, मी परत हसले. शेवटी पाटीतलं एकेक वांगं वर करून दाखवलं, लिलाव मांडल्यासारखं! तिनं घेतली सगळी. बहुतेक माझी दया येऊन.

घरी सांगितलं तर हे पोट धरधरून हसले. म्हणाले, "शिक की मग! सातवी झालेली बाई तू. शेजारी आप्पासाहेब हायतच."

आप्पासाहेब म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कचेरीतले जुने कारकून. आता पेन्शनीत आहेत आणि दिवसभर कुणी बोलायला मिळतं का बघत असतात. उद्या विचारते.

ता. ५ मार्च

पहिला धडा झाला. आप्पासाहेब म्हणाले, "कौसल्याबाई, एकच क्रियापद धरा. हॅव. त्याच्यावर साहेबाचं निम्मं घर चालतं."

आय हॅव अ काऊ — माझ्याकडे गाय आहे. आय हॅव अ ब्रदर — मला भाऊ आहे. आय हॅव फीव्हर — मला ताप आलाय. गाय, भाऊ, ताप, सगळ्यांना एकच शब्द! आमची रतन ओट्यावर शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "मावशे, मग ताप बी दावणीला बांधत्यात का?" आप्पासाहेबांचा चष्मा हसून हसून खाली आला.

आठ वर्षांची आहे, पण जीभ अठराची.

ता. ९ मार्च

जमलं! मडम म्हणाली, "हॅव यू एनी टोमॅटोज?" मी म्हटलं, "येस, आय हॅव." ती इतकी खूश झाली की खुर्ची दाखवून म्हणाली, "हॅव सम टी." म्हणजे चहासुद्धा 'हॅव' करायचा! केला. दुधाच्या नावानं शंख होता, पण केला.

मग तिनं विचारलं, "हॅव यू चिल्ड्रन?"

मी चटकन म्हणाले, "आय हॅव अ गर्ल."

वाटेनं येताना पाय जमिनीला लागत नव्हते. कारण मराठीत मला हे कधी म्हणता येत नाही. "मला मुलगी आहे" म्हटलं तर खोटं होतं. "माझ्याकडे बहिणीची मुलगी असते" असं म्हणावं लागतं, आणि मग समोरची बाई 'च्च' करते. इंग्रजीत गाईला आणि लेकीला एकच शब्द, कुणी पुढचं विचारत नाही. देव त्या भाषेचं भलं करो.

खरं म्हणजे रतन माझी आहेही. माझ्या धाकट्या बहिणीची, म्हाळसाची, पहिली दोन पोरं गेली. तिसऱ्या खेपेला सुईणीनं रीत केली — जन्मल्या जन्मल्या लेकरू सुपात घातलं आणि मला विकलं. मी मूठभर कोंडा दिला आणि पदरात घेतलं. म्हणजे मरणाला वाटावं, हे लेकरू या घरचं नव्हेच. पोर जगली, वाढली की आईबापानं परत सोडवून न्यायची. घेणारी मागेल ती किंमत द्यायची, त्यात घासाघीस नाही. पण रतन रांगायला लागली आणि म्हाळसाच तापानं गेली. झुंबर, म्हाळसाचा नवरा, पोरीला माझ्याकडे ठेवून बावड्याला निघून गेला. सोडवायचं राहूनच गेलं.

ता. १४ मार्च

झुंबरचा निरोप आला. बावड्याचा गाडीवान दारात उभ्या उभ्या म्हणाला, "आखितीला येतो म्हणालेत. पोरगी सोडवून न्यायची हाय. काय किंमत ती ठरवून ठेवा."

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

ता. १५ मार्च

काही सुचत नाही. भाजी करपली. रतनला काही सांगितलेलं नाही.

ता. १७ मार्च

यांनी तोड काढली. "किंमत तू ठरवायचीस नव्हं? मग त्याची खिल्लार जोडी माग. बैल देणार न्हाय तो, जीव दील. आन रीत मोडता बी येणार न्हाय. पोरगी ऱ्हाती हितंच!"

खरंच की! झुंबर त्या बैलांना स्वतःच्या हातानं भरवतो. इंदापूर तालुक्यात तशी जोडी नाही म्हणतात. आप्पासाहेबांना विचारलं, रीतीला धरून आहे का? ते म्हणाले, "आहे. आवडलं नाही मला, पण आहे."

नसेल आवडलं! मला आवडलं. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

ता. २५ मार्च

नवा धडा. हॅव टु. आय हॅव टु गो — मला जायला हवं, गेल्यावाचून गत्यंतर नाही. मी म्हटलं, आप्पासाहेब, हा शब्द आतापर्यंत 'असण्या'चा होता, आता सक्तीचा कसा झाला? म्हणाले, "साहेबाचं तसंच असतं. जे जवळ असतं, त्याची सक्ती पण असते." पेन्शनीतली माणसं असलं काहीतरी बोलत बसतात.

दुपारी बंगल्यावर मीच म्हणाले, "आय हॅव टु गो, मडम. कॅनाल वॉटर." आमची पाण्याची पाळी होती. तिला समजलं!

ता. २ एप्रिल

रतनचा वरचा दात पडला. छपरावर टाकला. यांनी तिला इतकं उंच उचललं की कौलाला डोकं लागलं.

ता. ९ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

बाजाराचा दिवस. हे गाडी भरून गेलेले. मी घेवडा तोडत होते, तर बांधावर एक बाई उभी. बावीस-तेवीसची असेल. पायांवर धूळ. म्हणाली, "रतनच्या मावशी तुमीच नव्हं? मी फुलाबाई. बावड्याची."

झुंबरची दुसरी बायको! सर्व्हिस मोटारीनं आली होती, डॉक्टरला दाखवायचं निमित्त काढून. माघात तिचं पहिलं मूल गेलं.

मी म्हटलं, "पोरगी मागायला आलीस?"

"न्हाय बाई. मागाय धनी येतील. मी नुसती बघाय आले."

बस म्हटलं नाही मी. तरी ती बसली, वाफ्यातच, आणि माझ्याबरोबर घेवडा तोडायला लागली. हात भराभर चालत होता. मनात आलं, हिला मोलकरीणच हवी असणार, उगाच गोड बोलतेय. मग तिच्या गळ्यात चांदीचा टाक दिसला, मेलेल्या पहिलीच्या नावानं दुसरीनं घालायचा तो. सवतीचा. म्हाळसाचा.

"घालतेस?" मी विचारलं.

"रोज हळदकुकू लावते तेन्ला. त्यांच्याशीच बोलते. दुसरं हाय कोण मला? मानमोडीच्या साथीत आईबा गेलं. निरवांगीच्या चुलत्यानं संबाळलं, लगीन लावून दिलं आन माघारी दार लावून घेतलं."

मी पाटी तिच्याकडं सरकवली. शेंगा टाकता टाकता ती म्हणाली, "धनी काय बोलत न्हाईत. पन जेवाय बसलं की ताट एक जास्तीचं मांडाय लावत्यात. रतनचं. मी मांडते. उचलते बी मीच."

इतकी वर्षं झुंबर दिवाळीला येतो, गुळाची ढेप ठेवतो, मुक्यासारखा बसतो आणि जातो. मला वाटायचं, दगड आहे. ताटाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं!

रतन शाळेतून आली. फुलाबाईनं तिला जवळ ओढलं नाही, मुका घेतला नाही. फक्त म्हणाली, "वेनी सुटलीया तुजी." आणि घालून दिली. रतन गप्प बसली. माझ्यासमोर कधी गप्प बसत नाही कार्टी.

जाताना मी घेवडा बांधून दिला. भाकरीही. एवढंच.

ता. १० एप्रिल

सकाळी उठल्या उठल्या रतन म्हणाली, "मावशे, ती कालची परत कवा येनार?"

मी तिच्यावर ओरडले. मग तिला जवळ घेतलं. मग सगळं सांगितलं. बापाचं, सुपाचं, आखितीचं. तिनं एकच विचारलं, "मग तू येनार का माज्यासंगं?"

ता. १२ एप्रिल

हे म्हणाले, "ध्यानात हाय नव्हं? खिल्लार जोडी. मागं सरू नगं."

म्हटलं, ध्यानात आहे.

ता. १६ एप्रिल

झोप नाही. बैल मागितले तर झुंबर हात हलवत परत जाईल, आणि फुलाबाई रोज ताट मांडेल आणि उचलेल. नाही मागितले तर मी काय उचलू?

ता. २० एप्रिल

आप्पासाहेब म्हणाले, "आता भूतकाळ घेऊ. हॅड." मी म्हटलं, तो आज नको. आखिती होऊन जाऊ दे. त्यांनी पुस्तक मिटलं आणि नातवाच्या बाळंतविड्यातला डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. चांगला माणूस.

ता. २१ एप्रिल

सकाळपासून मनातल्या मनात हॅवची वाक्यं करतेय. आय हॅव अ गुड हजबंड — माझ्यासाठी झुंबरशी भांडायला उभा राहणारा. आय हॅव अ टीचर. आय हॅव वॉटर, पाटाला पाणी आहे, घेवडा फुलावर आहे. आणि सात वर्षं एक पोर माझ्या कुशीत झोपली. गोवर माझ्या मांडीवर काढला, पहिलं अक्षर माझ्या पाटीवर काढलं. मूठभर कोंड्यात! जगात इतका स्वस्त सौदा कुणाला मिळाला असेल? देवानं मला काही दिलं नाही, असं म्हणायची माझी टाप नाही. म्हटलं तर जीभ झडेल.

रतनची परकर-पोलकी धुऊन वाळत घातली आहेत. यांनी बघितलं. तसेच पाणी धरायला गेले.

आखिती (अक्षयतृतीया), संध्याकाळ

झुंबर आला. फुलाबाईला घेऊन. आप्पासाहेब मध्ये बसले, सूप मांडलं, म्हणाले, "कौसल्याबाई, किंमत बोला." हे माझ्याकडं बघतायत, झुंबर दारातल्या बैलांकडं. त्याला कुठून तरी वास लागला असणार, घाम फुटला होता.

मी म्हणाले, "माझी किंमत फुलाबाई. तिनं दर नागपंचमीला आणि दर दिवाळीला इथं माहेरपणाला यायचं. लेकीला घेऊन. मी धाडीन तेव्हाच परत जायचं."

हेच पहिले उठले. डोळे पुसत बैलांना पेंड घालायला गेले.

रतन गाडीत बसेपर्यंत रडली, मी गाडी हलेपर्यंत कळ काढली. ओढ्यापाशी गाडी थांबली. काही राहिलं की काय म्हणून मी धावले. फुलाबाई खाली उतरून उभी होती, माझ्यासाठी. लांबूनच ओरडली,

"आक्का! पंचमीला मुराळी कोन येनार मला न्ह्यायला?"