ताब्यातली नाडी

सोमवार, ४ तारीख

आज हजर झाले. बस उशिरा आली, ट्रंकेचं कुलूप वाटेतच तुटलं आणि नव्या बुटांनी टाचा सोलवटून काढल्या, तरी आनंद काही पोटात मावत नाहीये. पहिली नेमणूक! ठाणं छोटंसंच आहे. दर्शनी खोली, साहेबांची केबिन, मागे कोठडी आणि कोठडीच्या पलीकडे बिनखिडकीची एक खोली, तिला सगळे गोदाम म्हणतात. मला राहायला अंगणापलीकडची खोली मिळाली आहे. नळाला पाणी आहे, दाराला आतून कडी आहे, आणखी काय हवं?

हवालदारांना इथे सगळेच मामा म्हणतात. निवृत्तीला टेकलेत. माझ्या टाचा बघून ते स्वतःच कळवळले आणि कपाटातून आपल्या जुन्या चपला काढून दिल्या. माझी दोन पावलं मावतील एका चपलेत, पण घातल्या. कवळी सैल आहे म्हणून हसताना तोंडावर हात धरतात. साहेब तर इतकं हळू बोलतात की पुढे वाकून ऐकावं लागतं. प्रथमोपचारात मी पहिली आले होते हे माझ्या कागदांत वाचून त्यांनी भिंतीवरची धूळ खात पडलेली लाल पेटी उतरवली आणि माझ्या हातात दिली. आजपासून ही तुझी, म्हणाले. बाबा कंपाउंडर, त्यामुळे अक्षरं गिरवायच्या आधी मी पट्ट्या गुंडाळायला शिकले, हे सांगितल्यावर मामांनी लगेच बारसं उरकलं. मी आता डॉक्टरीणबाई.

गुरुवार, ७ तारीख

आजचं लिहायलाच हवं.

चौकात काचा वाहणारा टेम्पो कलंडला. एका हमालाच्या मांडीत काचेचा तुकडा घुसला होता आणि रक्त उसळून येत होतं. गर्दी नुसती बघत उभी. मी गुडघ्यांवर बसले आणि शिकवल्याप्रमाणे आधी विचारलं, हात लावू का? तो हो म्हणाला. मग काचेला धक्का न लावता तिच्या दोन्ही बाजूंनी सगळा भार टाकून दाबून धरलं. पोलीस प्रशिक्षण शाळेतल्या डॉक्टरबाईंनी घोकून घेतलं होतं: शुद्धीतल्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि एकदा लावला की डॉक्टर येईपर्यंत काढायचा नाही. ताब्यातल्या माणसाच्या बाबतीत तर त्या फार कडक होत्या. त्याला स्वतः दवाखान्यात जाता येत नाही, म्हणून त्याचा जीव ही तुमची जबाबदारी, साधं खरचटलं तरी डॉक्टर बोलवा, घरच्यांना कळवा, कायदा तुम्हाला पळवाट ठेवत नाही.

हमाल वाचला. गणवेश कामातून गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बाबांना फोन केला तर नुसता नाक ओढल्याचा आवाज.

सोमवार, ११ तारीख

शनिवारी गावातल्या मोठ्या कारखानदाराच्या आईचा बंगल्यात खून झाला. तेव्हापासून साहेबांचा फोन खाली राहिलेला नाही. आज एका वेल्डरला आणलं. महिन्यापूर्वी त्या बंगल्याची जाळी त्यानेच बसवली होती, एवढाच काय तो धागा. तिशीचा असेल. हातांवर ठिणग्यांचे बारके काळे डाग. येताना माझ्याकडे बघून हसला, कारण मी अजून मामांच्याच चपलांत फिरते आहे.

संध्याकाळी पेटी घेऊन कोठडीत बोलावलं. त्याची भुवई फाटून डोळ्यावर आली होती. जिन्यावरून पडला, मामा म्हणाले.

आमच्या ठाण्याला जिना नाही.

जखम धुऊन पट्टी बांधली. मग साहेबांकडे गेले आणि नियम सांगितला: डॉक्टर, नोंद, घरी निरोप. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सरकारी डॉक्टर रजेवर आहेत, म्हणाले, नोंद होईल, आणि तू आहेसच की, बेटा.

बुधवार, १३ तारीख

वेल्डरची थोरली बहीण फाटकाशी बसून असते. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलं. धुतलेला सदरा आणते, जुना घेऊन जाते. आत सोडत नाहीत म्हणून सदऱ्याची ने-आण माझ्याकडे आली. जुना सदरा तसाच तिच्या हातात देववेना. आधी नळाखाली धुतला. पाणी बराच वेळ लाल येत राहिलं. धुताना वाटलं, हे मी तिच्यासाठी करते आहे की साहेबांसाठी?

आज त्याच्या उजव्या हाताची बोटं. तीन मोडली आहेत. पट्ट्या लावून सरळ बांधली. त्याने विचारलं, वेल्डिंग करता येईल का परत? मी हो म्हणाले.

डॉक्टर अजून रजेवर. आता मी विचारते तेव्हा साहेब वर बघतही नाहीत.

गुरुवार, १४ तारीख

आज मला गोदामात नेलं.

इतके दिवस मला वाटत होतं, हे काम करायला कुणीतरी बाहेरून येत असेल. कुणी आडदांड. आत मामा होते. बाह्या दुमडलेल्या. त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली, आणि पाण्याची जाड रबरी नळी हातात घेतली. दात नसलेलं ते तोंड मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ओळखूच येईनात.

साहेबांनी मला वेल्डरशेजारी स्टुलावर बसवलं. त्याचं मनगट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तू फक्त नाडी बघ. कधी थांबायचं ते तू सांग. तू आहेस म्हणून काळजी नाही."

मी पहिल्या फटक्यालाच थांबा म्हणाले. साहेब हसले. नाडी तर चांगली चालली आहे, बेटा, खोटं नको.

मग मी ओरडत राहिले आणि ते थांबले नाहीत. तो बेशुद्ध पडला तेव्हा थांबले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी त्याला कुशीवर वळवलं, जीभ मोकळी केली, तोंडातलं रक्त काढलं, हाका मारल्या. शुद्धीवर आला. साहेब म्हणाले, शाब्बास.

आणि मामांनी पुन्हा नळी उचलली.

शुक्रवार, १५ तारीख

सकाळी मामांनी नेहमीसारखा चहा आणून दिला, फुंकर मारून, साय बाजूला काढून. म्हणाले, डॉक्टरीणबाई, सवय होते. मलाही पहिल्यांदा रडू आलं होतं.

आज मी ठरवूनच खोटं बोलले. नाडी तुटते आहे, आता जाईल, असं म्हणाले. थांबले. पाणी पाजता आलं त्याला. वाटलं, जमतंय.

दुपारी साहेबांनी बोटाला लावायचा चिमटा मागवला. छोटा, पांढरा. नाडीचा आकडा दाखवतो. तुझ्यावर उगाच ताण नको, म्हणाले. आता तो चिमटा त्याच्या न मोडलेल्या बोटावर असतो. आकडा साहेब स्वतः वाचतात. मी फक्त उठवायला—

शनिवार, १६ तारीख

आज त्याला विचारलं, हात लावू का?

तो म्हणाला, "नको."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बरं करता म्हणून ते परत मारतात. हात लावू नका. जाऊ द्या मला."

शुद्धीत होता. नको म्हणाला. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि ताब्यातला जीव ही आपली जबाबदारी. दोन्ही नियम मला तोंडपाठ आहेत. दोन्ही घेऊन मी त्याच्यासमोर बसून राहिले. बरगडी मोडली आहे. श्वास घेताना आत काहीतरी कुरकुरतं.

अंगणात जाऊन रुग्णवाहिका बोलावली. आली. फाटकावर मामा गेले. आमची नवी पोरगी जरा घाबरट आहे, म्हणाले. ड्रायव्हरही हसला. गाडी वळवून परत—

मी खिडकीतून बघत होते. ओरडले नाही. माझ्या मागे साहेब उभे होते.

रविवार, १७ तारीख

सदरा देताना बहिणीला सगळं सांगितलं. आज सदरा धुतला नव्हता. तिने तो उलगडला, बघितला, घडी घालून छातीशी धरला. रडली नाही. फक्त विचारलं, कुणाकडे जाऊ? मी सांगितलं, न्यायाधीशांच्या घरी जा. आजच. सदरा दाखव.

ती पळत गेली.

सोमवार, १८ तारीख

न्यायाधीशांचा हुकूम आला. उद्या जिल्ह्याचे डॉक्टर येऊन वेल्डरला तपासणार. सगळं अंग. माझीही साक्ष.

साहेबांनी हुकूम वाचला. घडी घातली. माझा फोन मागून घेतला, तपासायचा आहे म्हणाले. आवाज तोच. हळू. मग विचारलं, तुझे बाबा एकटेच राहतात ना?

मामांनी आज चहा आणला नाही.

माझ्या दाराची आतली कडी कुणीतरी काढून नेली आहे. चार स्क्रूंची भोकं.

मंगळवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर असंच येणार.

सकाळी साहेबांनी मला कोठडीत नेलं. डॉक्टर यायच्या आत त्याला नीट कर, म्हणाले. मी पेटी उघडली. त्यांनी तिच्यातली औषधाची बाटली उचलली, गजांवर फोडली आणि तिच्या काचेने त्याच्या गळ्यावर— मामांनी त्याचे पाय धरले होते. मी साहेबांच्या हाताला चावले. मामांनी मला भिंतीवर फेकलं. त्यांनी बाहेरून कुलूप घातलं.

साहेब गजांतून म्हणाले, "आरोपीने जीव दिला. बाटली तुझ्या पेटीतली. तू पेटी उघडी टाकलीस." मग गेले.

जखम डाव्या बाजूला. मोठी नस पूर्ण कापलेली नाही. उजव्या हाताने दाबून धरलं आहे. हात हलवला की उसळतं. वही खिशात होती. कुणाला सापडली तर— त्याने स्वतः केलेलं नाही. साहेबांनी केलं. मामांनी धरलं. मी पाहिलं.

तो शुद्धीत आहे. बोलता येत नाही. मी विचारलं. त्याने मोडका हात उचलला, माझ्या हातावर ठेवला. दाबला. घट्ट—

त्याला जगायचं आहे.

बाहेर गाडी थांबली. बहिणीचा आवाज. ती ओरडते आहे, डॉक्टरांना आत जाऊ द्या. साहेबांचा आवाज येत नाही.

पावलं. इकडेच. बूट. कुणाचे ते कळत नाही. एकाचेच—

किल्ली

त्याचे ओठ पांढरे. बोटांच्या मधून येतंय. एका हाताने नाही राहत. दुसराही लावायला हवा, मग लिहिता नाही ये