वाट बघणाऱ्या प्रोसेसला हात लावू नये

सोमवार, ४ मार्च

मला शिकवू नकोस. डायरी आहेस, डायरीसारखी राहा. मागच्या पानावर ‘उद्यापासून सहाला उठणार’ लिहिलंय ते मलाही दिसतंय. आजचा विषय वेगळा आहे.

टेबलाशेजारच्या सर्व्हरवर एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, अडकलीय. किल पाठवला. ढिम्म. किल हा शेवटचा सिग्नल. मर म्हटलं की मरायचं, तिथे हरकत चालत नाही. तरी जिवंत. म्हणजे कर्नेलच्या, सिस्टिमच्या गाभ्याच्याच, सिग्नल हाताळणीत बग. आख्ख्या जगात कुणाला सापडला नव्हता. मला सापडला.

टीमचा लीड म्हणाला, मशीन रीस्टार्ट कर आणि मोकळा हो, शुक्रवारी रिलीज आहे. म्हटलं, रीस्टार्ट केलं की पुरावा गेला. स्क्रीनवर कागद चिकटवला: हात लावू नये.

बाकी दिवस चांगला. सकाळी आल्या आल्याच टेबल आवरलं. टेबलाखालच्या बोर्डवर एक जुनाट डबा उगाच वीज खात होता. त्याचा प्लग काढून तिथे मोबाईलचा चार्जर लावला. असे छोटे छोटे बदल माणसाने करत राहावेत.

संध्याकाळी. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी. उजवा डोळा मागेच गेला, उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू. बसचा नंबर दिसत नाही त्यांना. बाबा म्हणाले, तुला जमत नसेल तर ताईला बोलावतो, ती रजा टाकेल. म्हटलं, ताई कशाला? मी नेणार. मी आल्याशिवाय जागचे हलू नका.

मंगळवार, ५ मार्च

सहाला उठलो नाही. सातलाही नाही.

प्रोसेस तशीच. आणखी किल पाठवले. मोजले नाहीत. टेस्टर येऊन बघून गेली. म्हणाली, काय रे, अंडी उबवतोयस का? हसलो नाही. हसू आलंच नाही. दोन दिवस तसं काहीच येत नाहीये. एकाग्रता म्हणतात ती हीच असावी.

एक छान नियम वाचला. एकाच जातीचे किल अडकलेल्या प्रोसेसला कितीही पाठवा, कर्नेल नोंद एकाचीच ठेवतो. पन्नास वेळा ओरडा, वहीत एकच टिंब. किती शहाणपण आहे यात. फोन सायलेंटवर टाकला. बाबांचे मिस्ड कॉल होते, रांगच. सगळ्यांचा विषय गुरुवार. म्हणजे एकच कॉल धरायचा. तोही घरी गेल्यावर बघू.

घरी गेलो तेव्हा बाबा झोपलेले.

बुधवार, ६ मार्च

कर्नेल लिहिणाऱ्यांच्या जागतिक मेल-यादीवर मेल टाकला. विषय: सिग्नल हाताळणीत गंभीर बग. खाली नाव, हुद्दा, सगळं. हुद्दा थोडा वाढवला.

एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. प्रोसेस कुठल्या डिस्कची वाट बघतेय का, आणि ती डिस्क चालू आहे ना? मला! मला विचारतो, डिस्क चालू आहे का. उत्तर दिलं नाही. अशांच्या नादी लागलं की काम मागे पडतं.

तो म्हणतो ते पुस्तकात आहे, नाही असं नाही. प्रोसेस कधी कधी एकाच गोष्टीची वाट बघत गाढ झोपते. ती गोष्ट आली की उठते, तोवर किलसुद्धा ऐकत नाही. मान्य. पण इतके दिवस? इतके दिवस कुणी कशाची वाट बघत बसतं का?

लीडने उद्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली. म्हटलं, दुपारी जेवायच्या आत देतो.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी. बाबांनी थेंब घातले. बाहुली मोठी व्हायला डॉक्टरांनी घरीच घालायला सांगितलेत. बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर. अकराची वेळ आहे म्हणाले. म्हटलं, दहाला येतो. ऑफिसात फक्त एक ट्रेस लावायचाय, प्रोसेस नक्की कुठे अडकलीय ते बघायला.

साडेदहा. ट्रेस लागतोय. डॉक्टर कुठे वेळेवर असतात.

दुपारी. ट्रेसमध्ये काही नाही. फोन उघडला नाही. बाबा एव्हाना ताईबरोबर गेले असणार. ते काय कुक्कुलं बाळ आहेत?

संध्याकाळी. घडलं ते लिहून ठेवतो. निघायचं म्हणून चार्जर काढला. बोर्ड रिकामा बरा दिसेना. माझा स्वभाव टापटिपीचा, त्या जुनाट डब्याचा प्लग परत लावला. डबा घुरघुरला. हिरवा दिवा लागला. वर स्क्रीनवर प्रोसेस उठली, सोमवारपासूनचा तो एक किल घेतला आणि तिथल्या तिथे मेली.

डबा म्हणजे डिस्क.

टेस्टर मागेच उभी होती. तिने खाली वाकून डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपल्या जागेवर गेली. अंडी म्हणाली असती तर बरं झालं असतं. लीडने स्क्रीनवरचा कागद काढला, घडी घालून माझ्या हातात दिला.

तसं पाहिलं तर मुदतीच्या आत सुटलं.

शुक्रवार, ८ मार्च

काल घरी पोचलो तर बाबा खुर्चीत. बूट पायात. दिवा लावला नव्हता, थेंबांमुळे उजेड टोचतो म्हणाले. ताई यायला निघाली होती. यांनीच तिला फोनवर सांगितलं, नको येऊस, तो येतोय. पुढची तारीख दीड महिन्यानंतर. मला म्हणाले, तू म्हणालास हलू नका. रागावून नाही. वर विचारलं, तुझ्या त्या कामाचं काय झालं? म्हटलं, बग नव्हताच. म्हणाले, मग बरं झालं की.

रडायला येईल असं वाटलं. थोडा वेळ थांबलो. आलं नाही. जेवलो.

आज जागतिक यादीवर मेल मागे घ्यायचाय. त्या माणसाला काय लिहायचं ते बसमध्ये ठरवेन.

पुढच्या वेळी आख्खा आठवडा रजा. फोन सायलेंट नाही. सहाला उठणार.

दारात उभ्याने लिहितोय. हे सगळं बाबांना आत्ताच सांगून टाकलं, रजेसकट. ते त्याच खुर्चीत. माझ्या थोडं बाजूला, खुंटीवरच्या छत्रीकडे बघून त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलंय.

उशीर होतोय. निघालो.